जनरलसाहेबांचे दात

मी एक जुनी कवळी आहे. हसू नका मित्रांनो. किंवा हसाच, कारण हसवण्यासाठीच माझा जन्म झाला. मी कधी कणीस खाल्लं नाही, की पावाचा तुकडाही मोडला नाही. ज्या बाईच्या तोंडात मी राहिले, तिचे स्वतःचे दात तेव्हा चांगले मजबूत होते. मी त्यांच्यावर टोपीसारखी चढत असे. पुढे आलेले दोन मोठे दात, त्यांच्यामध्ये रुंद फट आणि डावीकडचा सुळा काळपट, असं माझं ध्यान. पण या ध्यानावर एके काळी सगळं लिमा शहर पोट धरून हसलं, आणि याच ध्यानापायी एका घराची झोप उडाली.

त्या घरात दोनच माणसं होती. नेलिदा वापाया ही नकलाकार, आणि तिचा नवरा अबेल हा दातांचा डॉक्टर. ब्रेन्या भागात एका बेकरीच्या वर त्यांची राहती जागा, आणि पुढच्या खोल्यांत अबेलचा दवाखाना. हिवाळ्यात आमच्या शहरावर महिनोन्‌महिने राखाडी धुकं बसून राहतं. त्या धुक्यात खालून पावाचा वास वर येई आणि अबेलच्या औषधांच्या वासात मिसळून जाई. मला पहिली आठवण आहे ती या मिसळलेल्या वासाची.

नेलिदाने सुरुवात केली तंबूतल्या नाटकांतून. रुंद चेहरा, जाड भुवया, घोगरा आवाज. म्हणून तिला पुरुषांचीच कामं मिळत. मग रेडिओवर ती मंत्र्यांचे आवाज काढू लागली, आणि तिथून टीव्हीवर आली. दर बुधवारी संध्याकाळी तिचा कार्यक्रम थेट दिसायचा. त्याचं नाव होतं ‘शेजारी ऐकतात’. तो लिहायचा तोरिबियो नावाचा एक शाळामास्तर. दिवसा मुलांना भूगोल शिकवायचा आणि उरलेल्या वेळात सरकारची टिंगल लिहायचा. नेलिदा त्याला धाकट्या भावासारखं वागवी, म्हणजे सतत रागवायची आणि सतत खाऊ घालायची.

सगळे मंत्री तिला जमले. एकच जमेना. गृहमंत्री जनरल सेगार्रा.

त्या काळात या माणसाचं नाव लोक खिडकी लावून घेत असत. त्याने छापखाने बंद केले होते. संप करणाऱ्यांना उचलून नेलं की ते कुठे ठेवलेत, हे त्यांच्या आयांनासुद्धा कळत नसे. आणि हा माणूस कधी हसत नसे. बोलतानाही ओठ जेमतेम हलत.

एका बुधवारी नेलिदा घरी आली आणि नकली लष्करी टोपी तिने टेबलावर आपटली.

“कोणी हसलं नाही, अबेल. कॅमेरावाला तर जांभई देत होता!”

“दमला असेल बिचारा.”

“तो चिडत नाही, हसत नाही, तोंड उघडत नाही. दगड आहे नुसता. दगडाची काय कपाळाची नक्कल करू? दिग्दर्शक म्हणाला, एवढं एक पात्र काढून टाका. म्हणजे सगळ्यांवर हसायचं, आणि ज्याला सगळे घाबरतात त्यालाच सोडायचं!”

अबेल सूपमध्ये चमचा फिरवत राहिला. जनरल तोंड का उघडत नाही, हे त्या शहरात एकट्या अबेलला माहीत होतं. जनरल त्याच्याकडे मागच्या जिन्याने येत असे. त्याचे दात फार वाईट होते, आणि सुईला तो लहान मुलासारखा घाबरत असे, म्हणून त्याने ते कधी नीट करून घेतले नव्हते. लोक ज्याला करडेपणा समजत होते, ती खरं तर लाज होती.

त्या रविवारी दवाखाना बंद असताना अबेलने मला घडवलं. आधी नेलिदाच्या जबड्याचा साचा घेतला, मग मेण चढवलं, मग एकेक दात बसवला. समोर ना फोटो ना कागद, सगळं आठवणीतून. डाव्या सुळ्याला काळा रंग देताना त्याचा हात थांबला. बराच वेळ कुंचला हवेतच होता. मग आतल्या खोलीतून नेलिदाच्या सरावाचा आवाज आला. तेच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि दर वेळी रडवेली होऊन मध्येच सोडून देत होती. अबेलने कुंचला टेकवला.

“हे कुठून आणलेस?” मला तोंडात घालून आरशात बघत तिने विचारलं.

“मनानं केले.”

“अगं बाई! तुझं मन एवढं घाणेरडं आहे होय?” ती हसली. आरशातून मी हसले. अबेल मात्र हात धुवायला निघून गेला.

मित्रांनो, कवळीला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळते. माणूस घाबरला की त्याचं तोंड कोरडं पडतं. त्या पहिल्या बुधवारी दिव्यांखाली उभी असताना नेलिदाची जीभ माझ्यामागे लाकडासारखी झाली होती. ती ओठ घट्ट मिटून, छाती काढून आत आली. एका मुलीने तिला फूल दिलं. जनरल झालेली नेलिदा काही क्षण त्या फुलाकडे बघत राहिली, आणि मग हळूच हसली.

आधी कोणाला काही समजलं नाही. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी ‘ईऽऽ’ करून ओरडली, आणि सगळा स्टुडिओ कोसळला. जांभई देणारा कॅमेरावाला इतका हसला, की पडद्यावरचं चित्र हललं.

त्यानंतर माझे वैभवाचे दिवस आले. शाळेतली पोरं संत्र्याच्या सालीचे दात कापून तोंडात बसवू लागली. चौकात गरम काढा विकणारे गिऱ्हाइकाला ‘काय जनरल, साखर किती?’ असं विचारत. ज्याचं नाव घ्यायला लोक घाबरत होते, त्याचे दात आता पोरासोरांच्या तोंडात होते. नेलिदाला वाटलं, आपण भीतीचं कंबरडं मोडलं. मलाही तसंच वाटलं.

अबेलला मात्र काही गोड लागेना. फोन वाजला की तो दचके. एक निळी मोटार बेकरीसमोर उभी राहू लागली. तिच्यातला माणूस पाव काही घेत नसे. नेलिदालाही ती मोटार दिसली. त्या बुधवारी तिने दात इतके आवळले, की माझ्या टाळूला बारीक चीर गेली. म्हणून मी दुरुस्तीसाठी दवाखान्यात, पाण्याच्या वाटीत पडून होते, तेव्हाच मागच्या जिन्यावर बूट वाजले.

अबेलने घाईने वाटीवर टॉवेल टाकला. त्याच्या विणीतून मला अंधुक दिसत होतं. जनरल खुर्चीत बसला. त्याने तोंड उघडलं, अबेलने आरसा आत घातला. आणि मी पाहिलं, मित्रांनो! मी मलाच पाहिलं. तीच फट, तोच काळा सुळा. तोवर मला वाटत होतं की मी मनाने केलेली आहे.

जनरलने अबेलचं मनगट धरून आरसा बाहेर काढला.

“डॉक्टर, बायकोनं परवा टीव्ही लावला होता.”

“हो का, साहेब?”

“तुमच्या मिसेस छान काम करतात. सुळासुद्धा डावाच.”

अबेलच्या हातातलं अवजार तबकात पडलं. त्याचा आवाज कितीतरी वेळ घुमत राहिल्यासारखा वाटला.

“साहेब, चूक माझी आहे. तिला काही माहीत नाही. तिला खरंच...”

“घाबरताय कशाला? मी रागावलो असतो तर स्वतः आलो असतो का?” जनरल शांतपणे म्हणाला. “मला नवे दात करून द्या. असे, की बघणारा म्हणेल, वा.”

“करतो. आणि... तो कार्यक्रम? आम्ही बंद करू.”

“छे छे! चालू द्या. बंद केलात तर लोक म्हणतील मी बंद पाडला. ते मला आवडणार नाही, डॉक्टर.” मग खुर्चीचा दांडा घट्ट धरून त्याने डोळे मिटले. “आणि सुई हळू मारा.”

त्या रात्रीच्या जेवणाला नेलिदाने भातावर कोंबडी वाढली. अबेलने ताट पुढे सरकवलं आणि सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे ते दात खरे आहेत?” नेलिदा उभीच राहिली. “रोग्याचं तोंड तू मला घालायला दिलंस? आणि मी लाखो लोकांसमोर ते घालून नाचले!”

“तू रडत होतीस, नेलू.”

“रडू द्यायचं होतंस! रडून कोणी मेलं नसतं!” मग ती खाली बसली. “आता बंद करू या.”

“बंद करायचं नाही असं सांगून गेलाय.”

विनोद करण्याची बंदी त्यांना समजली असती. विनोद करण्याची सक्ती कशी सोसायची, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

अबेलने जनरलला नवे दात बसवले. ते फार देखणे झाले होते. भीतीपोटी केलेलं काम पुष्कळदा नेटकं होतं. जनरल हसायला लागला. आधी वर्तमानपत्रात, मग भिंतींवरच्या मोठमोठ्या चित्रांत. अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली होती. एका बुधवारी तो न सांगता स्टुडिओत आला, नेलिदाच्या शेजारी उभा राहिला, आणि दोघं एकदम हसले. एकीकडे मी, एकीकडे माझी सुंदर धाकटी बहीण. लोकांनी टाळ्यांनी छप्पर उचललं. नेलिदाचं तोंड आतून इतकं कोरडं होतं, की मी तिच्या ओठाला चिकटले.

दुसऱ्या दिवशी बाजारात फळवाली म्हणाली, “नेलिदाबाई, तुमच्यामुळे कळलं हो. आम्ही उगाच घाबरत होतो. स्वतःवर हसतो म्हणजे दिलदार माणूस आहे. मी त्यालाच मत देणार.”

नेलिदा घेतलेली पपई तिथेच विसरून घरी आली.

याच दिवसांत सिनेमा आला. एका निर्मात्याने तिला मुख्य भूमिकेत घेऊन जनरलवर विनोदी चित्रपट काढायचं ठरवलं. तंबूतून निघालेल्या नटीला आणखी काय हवं? चित्रीकरणाला खरी बराक मिळाली, खरे घोडे मिळाले. पटकथा मंत्रालयात वाचायला गेली, ती परत आली तेव्हा समासात जनरलच्या हाताने दोन विनोद लिहिलेले होते.

तोरिबियोने ते वाचले आणि डोक्याला हात लावला. “ताई, वाईट बातमी आहे. विनोद चांगले आहेत.”

“मग?”

“मग काय? तो आपल्यापेक्षा बरं लिहितो. उद्यापासून त्यालाच बोलाव आणि मला गृहमंत्री कर.” मग त्याचं हसू मावळलं. “आपण त्याचे दात काढायला निघालो होतो, ताई. आपण त्याला दात बसवून दिले.”

तोरिबियो शिक्षकांच्या संपातही होता. त्या आठवड्यातच मोर्चावर घोडे घालण्यात आले, आणि मोर्चातून तो परतला नाही. त्याची बायको पोलीसचौक्या धुंडाळत फिरली. सगळीकडे एकच उत्तर होतं, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. नेलिदाने मंत्रालयात फोन केला. तिकडचा साहाय्यक गोड आवाजात म्हणाला, “बाई, साहेब तुमचे चाहते आहेत. बुधवारी भेटूच पडद्यावर.”

बुधवार उजाडला. अबेलने तिला निघताना विचारलं, “काय करणार आहेस?”

“माहीत नाही.”

“तोरिबियोनं काही लिहून ठेवलंय?”

“नाही, अबेल. तो नाहीये ना.”

दिवे लागले. नेलिदा टोपी घालून जनरलच्या टेबलामागे बसली. मी जागेवर होते. लोक माझी वाट बघत होते. मी दिसले की हसायचं, हे त्यांना आता सवयीने माहीत होतं. तिने तोंड उघडलं, लोक हसू लागले, आणि तिने दोन बोटांनी मला बाहेर काढलं. समोरच्या टेबलावर ठेवलं. लोक आणखी हसले. हाही विनोदच असेल असं त्यांना वाटलं.

मी लाकडावर उताणी पडले होते आणि खालून तिच्याकडे बघत होते. तिने ओठ मिटले. छाती काढली. आणि माझ्याशिवाय, सुळ्याशिवाय, फटीशिवाय ती जनरल झाली. पूर्वीचा, न हसणारा. दगडाची नक्कल तिला अखेर जमली होती.

“मी गृहमंत्री,” ती म्हणाली. “माझे विनोद तोरिबियो नावाचा मास्तर लिहितो. रविवारपासून तो सापडत नाही. कोणाला उचललं, कुठे ठेवलं, हे मला माहीत असतं. ते माझं कामच आहे. तर आता मी मलाच विचारतो. सेगार्रा, तोरिबियो कुठे आहे?”

हसू विरत गेलं. ती तोच प्रश्न पुन्हा विचारत राहिली, आवाज न चढवता. मग रांगांमधून एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, “माझा लुचो कुठे आहे?” तिच्यामागे कोणीतरी आणखी एक नाव घेतलं. त्यानंतर केंद्रवाल्यांनी कार्यक्रम मध्येच तोडला, पडद्यावर डोंगराचं चित्र आलं आणि बासरी वाजू लागली. घराघरांत एवढंच दिसलं. पण नावं ऐकू गेली होती.

स्टुडिओच्या मागच्या दाराने सजावटवाल्यांनी नेलिदाला रंगाच्या डब्यांच्या गाडीत बसवून बाहेर काढलं. एकीने मला उचलून तिच्या पर्समध्ये टाकलं होतं. गाडी हलत होती, डबे वाजत होते, आणि नेलिदाने पर्सचा बंद मुठीत धरून ठेवला होता.

कार्यक्रम बंद झाला. सिनेमाची रिळं जप्त झाली. तो कधीच पुरा झाला नाही. अबेलच्या दवाखान्याला सील लागलं. निळी मोटार मात्र रोज येत राहिली. पण दूरदर्शन केंद्रासमोर बायका जमू लागल्या. त्या घोषणा देत नसत, फक्त एकेक नाव घेऊन ‘कुठे आहे?’ एवढंच विचारत. निवडणूक तोंडावर होती. आणि एका पहाटे तोरिबियो समुद्रकाठच्या रस्त्यावर सापडला. जिवंत होता. त्याचे पुढचे दात नव्हते.

लुचो सापडला नाही. आणखी पुष्कळ जण सापडले नाहीत.

अबेलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तोरिबियोसाठी दात बनवले. साचा घेताना अबेलच रडत होता. तोरिबियो सुजल्या ओठांनी पुटपुटला, “डॉक्टर, फट तेवढी ठेवू नका हं. नाहीतर पोलीस सलाम ठोकतील.” नेलिदा हसली, आणि हसता हसता तिला दाराच्या चौकटीचा आधार घ्यावा लागला.

जनरल निवडणूक हरला. हरल्याचं सांगायला तो टीव्हीवर आला, तेव्हाही हसतमुख होता. अबेल पडद्याजवळ जाऊन बघत होता. “दातांची पट्टी अजून घट्ट बसलीय,” तो म्हणाला. त्याला अभिमान वाटला की शरम, मला सांगता येणार नाही.

तुम्हाला वाटेल, आता नेलिदाचे दिवस फिरले असतील. तसं झालं नाही. जनरल गेला तरी टीव्हीवाल्यांची भीती गेली नाही. ‘बाई, तुम्ही कधी काय बोलाल याचा नेम नाही,’ असं म्हणून ते तिला चहा पाजून परत पाठवत. बरीच वर्षं ती चर्चच्या सभागृहांत, कापडगिरणीच्या फाटकापाशी, वाळवंटाकडच्या लहान गावांत नकला करत फिरली. मी गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीत होते. कधी एखाद्या गावात लोक ओरडत, ‘दात! दात!’ ती मान हलवून नाही म्हणे. डबीत अंधारात मला ते ऐकू येई. मला वाईट वाटे, हे कबूल करते. जिच्यावर एवढं शहर हसलं, तिला पुन्हा कोणी बघू नये? पण फळवालीचे शब्द मीही ऐकले होते.

मग तिचे केस पिकले, दात पडले. अबेलने तिला खरीखुरी, खाण्यापिण्याची कवळी करून दिली. एका तरुण दिग्दर्शिकेने तिला चित्रपटात बोलावलं. गावाच्या लबाड महापौरीणबाईचं काम होतं. नेलिदाने डबी उघडून मला तोंडात घालून पाहिलं. मी बसले नाही. तिचा जबडा आक्रसला होता, मी घसरून तिच्या मांडीवर पडले. ती मला हातात घेऊन म्हणाली, “जाऊ दे गं. तू खूप केलंस.” महापौरीण तिने स्वतःच्या तोंडाने केली. चित्रपट चालला. आता पुन्हा दर आठवड्याला टीव्हीवाले तिला बोलावतात. मंत्री नवे आहेत, चांगल्या दातांचे.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, खूप हसाल, आणि हसायलाच हवं. माझी एकच विनंती आहे. ज्याच्यावर हसतोय तो हसल्याहसल्याने आपल्याला आवडायला तर लागला नाही ना, हे अधूनमधून तपासा. आणि हसवणारं माणूस दिवे विझल्यावर एकटंच रस्त्याने निघतं, त्याची काळजी घ्या. आपण टीव्ही बंद करून जेवायला बसतो. त्याआधी एकदा तरी कोणीतरी विचारायला हवं, की बाई घरी पोहोचल्या का?

आज तिने नव्या गृहमंत्र्याची नक्कल केली. अबेल आता नीट ऐकू येत नाही म्हणून टीव्हीला कान लावून बसतो. कार्यक्रम केव्हाच संपला. तो दोनदा खिडकीशी जाऊन आला. खाली एक मोटार उभी आहे, शेजाऱ्यांची असेल. मी आता डबीऐवजी कपाटात असते, काचेमागून त्याच्याकडे बघते आहे.

जिन्यात पावलं वाजतात. मध्ये थांबतात. पुन्हा वाजतात. अबेल दाराची साखळी न काढताच विचारतो, “कोण?”

बाहेर कोणीतरी धापा टाकतंय.

“नेलू?”

“मी नाही तर कोण येणार आहे? दार उघड. जिना चढवत नाही आता.”

अबेलच्या हातांना साखळी सापडत नाहीये. पण तो हसतोय.